तळघराचे सांडपाणी

नवे घर बांधू इच्छिणारा गृहस्थ दिवाणखान्याची लांबीरुंदी, देवघराची दिशा आणि ओट्याची उंची यांचा विचार महिनोन् महिने करीत असतो. तळघरातील मोरीचे व शौचकूपाचे पाणी जाणार कोठे, हा प्रश्न मात्र बहुधा फरशी बसविण्याच्या वेळी निघतो, आणि तोही गवंड्याच्या तोंडून. मग घाईघाईने बाजारात जाऊन एखादा पंप आणला जातो, हाताला येईल त्या कोपऱ्यात खड्डा खणला जातो, आणि पहिल्या पावसाळ्यात त्या घाईची किंमत मोजावी लागते. इंदूर, बडोदे, हैदराबाद यांसारख्या शहरांत जागेचे भाव वाढले तशी तळघरे वाढली. तेव्हा या जरा नावडत्या विषयाकडे आज मोकळेपणाने पाहू.

अडचण मुळात साधी आहे. घरातील सांडपाणी उताराच्या बळावर आपोआप वाहत जाऊन रस्त्यातील गटारनळास मिळते. समजा, आपल्या दारापुढील चेंबरमध्ये हा नळ रस्त्याच्या पातळीपासून एक मीटर खोल आहे आणि आपल्या तळघराची फरशी पावणेतीन मीटर खोल आहे. पाणी खालून वर आपण होऊन चढत नाही. म्हणजे ते कोणीतरी उचलून वर टाकले पाहिजे. हे काम माणसाने करावयाचे नाही, यंत्राने करावयाचे आहे, एवढे ठरले की मग यंत्र कोणते, हा प्रश्न येतो. तथापि माझे मत असे की, तो प्रश्न सर्वांत शेवटी विचारावयाचा आहे.

आपल्याकडे पंपाची ओळख विहिरीच्या काठावर झाली. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविली. पुढे तेथील पंप मराठी शेतकऱ्याच्या नित्याच्या बोलण्यात आले. त्या सवयीने आपण दुकानात शिरताच विचारतो, "किती अश्वशक्तीचा?" विहिरीच्या स्वच्छ पाण्याला हा प्रश्न शोभतो. मैलापाण्याच्या बाबतीत अश्वशक्तीपूर्वी चार गोष्टी विचाराव्या लागतात: कोणते पाणी उचलावयाचे, किती उंच न्यावयाचे, त्यात कोणते पदार्थ असणार, आणि वीज गेली तर काय.

पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. पंपाच्या खड्ड्यात कोणते पाणी येऊ द्यावयाचे नाही, हे आधी ठरवावे. कित्येक ठिकाणी नळकाम सोपे व्हावे म्हणून साऱ्या घराचे सांडपाणी तळघरातील एकाच खड्ड्यात आणतात आणि तेथून पंपाने बाहेर टाकतात. यासारखी दुसरी चूक नाही. वरच्या मजल्यांवरील पाण्याला उतार फुकट मिळालेला आहे. ते आधी खाली आणून मग पैसे खर्चून वर चढविणे हा शुद्ध अव्यवहार होय. यात केवळ विजेचा प्रश्न नाही. माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी असा हिशेब आपल्याकडे नगररचनेत धरला जातो, आणि त्यापैकी सुमारे चार पंचमांश सांडपाणी होते. पाच माणसांच्या कुटुंबाचे हे पाणी ५४० लिटरांवर जाते, आणि त्यातील मोठा वाटा सकाळच्या दोन-तीन तासांतच येतो. अशा वेळी वीज गेली, तर वरच्या मजल्यावर स्नान करणाऱ्याच्या पाण्याने खालचे तळघर भरते. म्हणून नियम असा की, रस्त्याच्या चेंबरपेक्षा वर असलेले सारे नळ उतारानेच थेट बाहेर न्यावेत. पंपाकडे फक्त तळघरातील शौचकूप, मोरी आणि धुण्याचे यंत्र एवढेच सोपवावे.

त्याचप्रमाणे पावसाचे आणि भिंतींतून पाझरणारे पाणी मैल्याच्या खड्ड्यात घेऊ नये. माळव्यातील व बडोद्याकडील काळी माती पावसात फुगते आणि पाणी धरून ठेवते. गोव्याच्या जांभ्या दगडातून ते सहज झिरपते. हैदराबादच्या कातळात ते भेगाभेगांतून वाट काढते. कोठेही असो, पाझराचे पाणी रात्रंदिवस येते आणि ते प्रायः स्वच्छ असते. त्याला निराळा लहान खड्डा, निराळा लहान पंप आणि पावसाळी गटाराची वा बागेची वाट द्यावी. दोन्ही पाणी एकत्र केले की पंप ऐन श्रावणात अहोरात्र चालतो आणि ज्या दिवशी त्याची खरी गरज, त्या दिवशी जळतो.

येथे भाषेची एक गंमत सांगितली पाहिजे, कारण ती गंमत अंगाशी येऊ शकते. इंग्रजी पुस्तकांतून पंपाच्या खड्ड्याला 'संप' म्हणतात. आपल्या हैदराबादकरांना आणि बेळगावकरांना मात्र संप म्हणजे पिण्याच्या पाण्याची जमिनीखालील टाकी. तेव्हा कंत्राटदाराशी बोलताना हा शब्द टाळावा आणि सरळ 'मैल्याचा खड्डा' म्हणावे. नकाशावरही तसेच लिहावे आणि पिण्याच्या टाकीपासून हा खड्डा जितका दूर ठेवता येईल तितका दूर ठेवावा. जमिनीखालच्या दोन टाक्या शेजारी शेजारी असल्या आणि दोहोंना तडे गेले, तर त्यांच्यातील देवघेव डोळ्यांना दिसत नाही. ती घरातील मुलांच्या पोटाला कळते.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या समजुतीप्रमाणे ही सर्वाधिक दुर्लक्षित आहे. मुसळधार पावसात रस्त्यातील गटारनळ तुडुंब भरतो. पाण्याचा धर्म असा की, जोडलेल्या नळ्यांतून ते सर्वत्र एकाच पातळीला येऊ पाहते. रस्त्यावरील चेंबरच्या झाकणापर्यंत मैलापाणी चढले, की त्याला आपल्या तळघरातील मोरी रस्त्यापेक्षा पावणेतीन मीटर खाली दिसते, आणि ते उलट दिशेने आपल्या घरात येते. शेजारपाजारच्या साऱ्या गल्लीची घाण मग आपल्या फरशीवर पसरते. हे थांबविण्यासाठी पंपाच्या नळावर एकाच दिशेने उघडणारी झडप, म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, बसवितात. ती हवीच. परंतु केवळ तिच्यावर भिस्त ठेवू नये. केसांचा गुंता किंवा चिंधीचा तुकडा अडकला की ती अर्धवट उघडी राहते, आणि हे आपल्याला कळते तेव्हा पाणी घरात असते.

खरा उपाय अगदी साधा, आणि त्यात बिघडण्यासारखे काहीच नाही. पंपाकडून येणारा नळ थेट रस्त्याकडे न वळविता प्रथम भिंतीच्या कडेने रस्त्याच्या पातळीच्याही वर, सुमारे अर्धा मीटर, चढवावा. तेथे त्याला कमान द्यावी आणि मग खाली उतरवून चेंबरला जोडावा. रस्त्यावरील पाणी या कमानीच्या माथ्यावर चढल्याविना आत येऊ शकत नाही. युरोपात तळघरातील मैला उचलणाऱ्या यंत्रांच्या मानकांत ही कमान आवश्यक मानली आहे. आपल्या प्लंबरला ती वायफळ वाटेल, "उगाच नळ वर नेऊन खाली कशाला आणावयाचा?" असे तो म्हणेल. त्याच्याशी वाद न घालता नळ तसाच बसवून घ्यावा.

कमान ठरली की उंचीचा हिशेब आपोआप होतो. आपल्या उदाहरणात फरशी रस्त्याखाली पावणेतीन मीटर, खड्डा फरशीखाली एक मीटर, आणि पंप थांबतो तेव्हा खड्ड्याच्या तळाशी पाव मीटर पाणी राहते. म्हणजे पाणी रस्त्याच्या साडेतीन मीटर खालून उचलावयाचे. त्यात कमानीचा अर्धा मीटर मिळविला की चार मीटर झाले. नळाच्या लांबीत, वळणांत आणि झडपेत घर्षणामुळे जी शक्ती खर्ची पडते, तिच्यासाठी आणखी अर्धा मीटर धरावा. एकूण साडेचार.

इतकी थोडी उंची पाहून दुकानदार हसेल आणि म्हणेल, "साहेब, हा पंप दहा मीटर चढवितो!" येथे सावध राहावे. पंपावरील पट्टीवर जी कमाल उंची कोरलेली असते, त्या उंचीला पंपातून थेंबही बाहेर पडत नाही. पाणी नळात नुसते उभे राहते. आपल्याला हवे असते ते साडेचार मीटर उंचीला दर मिनिटास किती लिटर पडतात, हे. ते पंपाच्या आलेखात पाहावे लागते, आणि जो विक्रेता आलेख दाखवीत नाही त्याच्याकडून पंप घेऊ नये.

लिटरांचा आकडा किती असावा? तोही मनाने ठरवावयाचा नसून नळाने ठरवावयाचा असतो. मैलापाणी नळात फार सावकाश चालले तर त्यातील जड अंश खाली बसतो आणि नळ हळूहळू चोंदतो. म्हणून प्रवाहाचा वेग सेकंदाला निदान पाऊण मीटर ठेवतात. ८० मिलिमीटर व्यासाच्या नळात हा वेग यावयाचा, तर दर सेकंदाला पावणेचार लिटरांहून किंचित अधिक, म्हणजे मिनिटाला सुमारे २३० लिटर पाणी लोटले पाहिजे. साडेचार-पाच मीटर उंचीला एवढे पाणी टाकणारा, एक अश्वशक्तीच्या आसपासचा मैलापाण्याचा सबमर्सिबल पंप या घराला पुरतो. वाचून नवल वाटेल, पण तळघरातून दिवसाला तीनशे लिटर पाणी जात असेल तर हा पंप दिवसभरात दीड मिनिटही चालत नाही. वर्षाची वीज आठ-दहा युनिटे. तेव्हा वीज वाचविणारा पंप म्हणून कोणी जादा पैसे मागू लागला तर ते देण्याचे कारण नाही. येथे काटकसरीपेक्षा न अडण्याला मोल आहे.

न अडणारा पंप म्हणजे कोणता, हे पाहण्यासाठी त्याच्या पोटात डोकावले पाहिजे. स्वच्छ पाण्याच्या पंपातील पाती जवळजवळ असतात. त्यांत कापसाचा बोळा गेला की संपले. मैल्याच्या पंपांचे मुख्यतः दोन प्रकार घरगुती कामाला येतात. एकात पात्यांची चकती मागे सरकविलेली असते. ती फिरताना पुढच्या पोकळीत भोवरा उत्पन्न होतो आणि पदार्थ पात्यांना फारसा न भिडता त्या भोवऱ्याबरोबर बाहेर फेकला जातो. पन्नास मिलिमीटरचा गोळा ज्यातून निघून जाईल असा भोवऱ्याचा पंप घरासाठी उत्तम. दुसऱ्या प्रकारात तोंडाशी पोलादी सुऱ्या असतात. त्या मैल्याचे बारीक पीठ करतात आणि ते बत्तीस-चाळीस मिलिमीटरच्या बारीक नळातून फार दूर किंवा फार उंच पाठविता येते. घर रस्त्यापासून शंभर मीटर आत असेल तर हाच पंप घ्यावा लागतो. पण सुऱ्या झिजतात, चिंध्या गुंडाळल्या जातात आणि देखभाल वाढते. चार मीटरांच्या उचलीसाठी तो घेणे म्हणजे भाजी चिरावयास कडबा कापण्याचे यंत्र आणण्यासारखे आहे.

तळघरात एकच शौचकूप असेल आणि खड्डा खणणेच शक्य नसेल, तर शौचकूपामागे बसणारी, पीठ करून वर टाकणारी लहान पेटी मिळते. पाहुण्यांच्या क्वचित वापराला ती चालते. रोजच्या वापरासाठी तिची शिफारस मी करणार नाही.

खड्ड्याविषयी लोकांचा असा समज असतो की, जितका मोठा तितका चांगला. तो चुकीचा आहे. मैलापाणी तासन् तास साचून राहिले म्हणजे त्यातील प्राणवायू संपतो, ते कुजते आणि विषारी वायू निर्माण होतो. नगरपालिकेच्या पंपगृहांची सूत्रे घराला लावली तर खड्ड्यात प्रत्येक फेरीला दोन-सव्वादोनशे लिटर साठविण्याचा आकडा निघतो; पण ते सूत्र अखंड वाहणाऱ्या प्रवाहासाठी आहे. घरात एका वेळी सहा-दहा लिटर येतात आणि मग बराच वेळ काही येत नाही. नव्वद सेंटिमीटर लांबीरुंदीच्या खड्ड्यात पंप सुरू होण्याच्या व थांबण्याच्या पातळीत पंधरा सेंटिमीटरांचे अंतर ठेवले, तर प्रत्येक वेळी सुमारे १२० लिटर पाणी अर्ध्या मिनिटात बाहेर जाते. एवढे पुरे. शिवाय पंप सुरू होण्याच्या पातळीच्या वर, फरशीला टेकण्यापूर्वी, चारशे लिटरांच्या आसपास जागा शिल्लक राहते. वीज गेली तरी तळघरातील शौचकूप तीस-चाळीस वेळा वापरता येतो. वरच्या मजल्यांचे पाणी खड्ड्यात न आणण्याचा फायदा येथे पदरात पडतो: जनित्राची गरजच राहत नाही.

खड्डा तळघराचे काँक्रीट पडण्यापूर्वी ठरला पाहिजे. मागाहून फरशी फोडून खणला की जलरोधक थर फाटतो आणि भूजलाला घरात वाट मिळते. कित्येक जण तयार प्लॅस्टिकची टाकी पुरतात. ती सोयीची आहे, परंतु पावसाळ्यात भोवतालचे पाणी चढले की पाचशे लिटरांच्या रिकाम्या टाकीला पाचशे किलोग्रॅमपर्यंत वरचा रेटा बसतो आणि ती फरशीसकट उचलली जाते. आर्किमिडीज सर्वत्र हजर असतो. तिला तळाशी काँक्रीटमध्ये जखडावे.

आता ज्या गोष्टीसाठी हा सारा खटाटोप नीट करावयाचा, ती गोष्ट. कुजलेल्या मैल्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड वायू हवेहून जड असतो; तो खड्ड्याच्या तळाशी बसून राहतो. प्रथम सडक्या अंड्यासारखा वास येतो. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे शंभर भाग झाले म्हणजे नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. खाली उतरलेल्या माणसाला वाटते की आता हवा शुद्ध झाली. तेथेच तो कोसळतो, आणि त्याला काढावयास उतरलेला दुसराही कोसळतो. आपल्या देशात गटारांत व टाक्यांत असे मृत्यू वारंवार घडत आले आहेत. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांविना गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये सफाईसाठी माणूस उतरविण्यास मनाई केली, आणि ती मनाई नगरपालिकांप्रमाणे खासगी व्यक्तीलाही लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूबद्दल दहा लाख रुपयांची भरपाई ठरविली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. पण भरपाईचे आकडे वाचून घर बांधावयाचे नसते. खड्डाच असा बांधावा की त्यात उतरण्याचा प्रसंग कोणावर येऊ नये.

हे साधते, आणि फार खर्चही येत नाही. खड्ड्यात दोन उभे गंज न चढणारे दांडे बसवितात. पंप त्यांवरून सरकत खाली जातो आणि स्वतःच्या वजनाने नळाच्या तोंडावर घट्ट बसतो. दुरुस्तीसाठी साखळी ओढली की पंप वर येतो. नटबोल्ट सोडविण्यास कोणी खाली जात नाही. झडपा खड्ड्यात न ठेवता बाहेर, भिंतीवर हात पोहोचेल तेथे ठेवाव्यात. झाकण हवाबंद असावे आणि खड्ड्यातून निदान पन्नास मिलिमीटरचा वायुनळ गच्चीच्या वरपर्यंत न्यावा. पंप विकत घेताना हे दांडे आणि साखळी 'वेगळे सामान' म्हणून बिलातून गाळले जाते. तेथे कंजुषी करू नये. हवी असेल तर दिवाणखान्याच्या झुंबरात करावी.

तळघरातच कोणी राहत असेल, किंवा तेथे दवाखाना वा कचेरी असेल, तर एकाऐवजी दोन पंप आलटून पालटून चालतील असे बसवावेत. पाणी ठरलेल्या पातळीवर गेले की वाजणारी घंटा मात्र प्रत्येक घरात हवी, आणि ती पंपाच्या विजेवर नव्हे तर स्वतंत्र बॅटरीवर चालणारी हवी. पंपाची तार जळाली की घंटाही मुकी झाली, तर तिचा उपयोग काय?

गोव्यातील वाचकांसाठी एक निराळी सूचना. तेथे पुष्कळ घरांना रस्त्याचा गटारनळ नसतो, सेप्टिक टँक असतो. टाकीचे सारे काम मैला शांतपणे तळाशी बसण्यावर अवलंबून. पंपाचा झोत थेट तिच्यात सोडला, आणि त्यातही मैला पीठ करून सोडला, तर बसलेला गाळ ढवळून शोषखड्ड्यात जातो आणि तो खड्डा काही वर्षांतच बुजतो. तेव्हा भोवऱ्याचा पंप घ्यावा, आधी एका चेंबरमध्ये पाणी सोडावे आणि तेथून उतारानेच टाकीत जाऊ द्यावे.

पंपाकडून जे होण्याजोगे नाही, तेही सांगितले पाहिजे. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीच्या जुन्या राजिंदरनगरात एका शिकवणी वर्गाच्या तळघरात पावसाचे पाणी घुसून तीन विद्यार्थ्यांचा अंत झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचे पाणी बडोद्याच्या वस्त्यांत शिरले. २०२० च्या ऑक्टोबरात हैदराबादेतही तसेच घडले. एक मीटर रुंदीच्या दारातून तीस सेंटिमीटर उंचीचे पाणी आत कोसळू लागले, तर सेकंदाला अडीचशे लिटरांहून अधिक येते; आपला पंप चार लिटर टाकतो. हा सामना पंपाचा नव्हे. त्यासाठी उताराच्या तोंडाशी रस्त्याहून उंच असा उंबरठा किंवा उंचवटा बांधावा, वर जाण्यास दुसरा जिना ठेवावा, आणि तळघरात कोणाच्या झोपण्याची सोय करू नये.

काम पुरे झाले की शेवटचा हप्ता देण्यापूर्वी कंत्राटदारासमक्ष परीक्षा घ्यावी. खड्ड्यात बादल्यांनी स्वच्छ पाणी ओतून पंप आपोआप सुरू होतो व थांबतो की नाही, हे पाहावे. मुख्य कळ बंद करून घंटा वाजते का, ते ऐकावे. साखळीने पंप एकदा वर काढावयास लावावा आणि पुन्हा जागी बसवावयास लावावा. पंप थांबल्यानंतर पाच मिनिटे खड्ड्यातील पातळीवर खूण करून ठेवावी. पातळी वाढली तर झडपेतून पाणी परत येत आहे. शेवटी नळांचा एक साधा नकाशा काढून, चौकट करून, कळपेटीजवळ टांगावा; दहा वर्षांनी येणारा प्लंबर निराळाच असेल.